पोरं घडवणारा आणि संघ चालवणारा

दोह्यात सी-रिंग आणि डी-रिंग या दोन रस्त्यांच्या मधे अल हिलाल हा भाग आहे. तिथल्या एका मराठी घरात फुटबॉलवरून मामा-भाचीचं कधीच जमत नाही. मामा कोल्हापूरचे. तरुणपणी पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळले, पुढे नोकरीसाठी कतारला आले आणि इथलेच झाले. भाची दोह्यातच वाढली. शाळेत खेळाची शिक्षिका आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवते. दोघांच्या वादाचा विषय एकच, फेलिक्स सांचेझ बास. शाळकरी मुलांना शिकवणाऱ्या या स्पॅनिश प्रशिक्षकाला २०१७ मध्ये कतारनं राष्ट्रीय संघ दिला. अमेरिकेत कॉलेजच्या प्रशिक्षकाला व्यावसायिक संघावर नेमलं की जो प्रश्न दरवेळी उभा राहतो, तोच इथे उभा राहिला होता. भारतीय फुटबॉललाही त्याचं उत्तर आज ना उद्या द्यावं लागणार आहे. म्हणून दोघांची बाजू जशी ऐकली तशी मांडतो.

मामा: मला आधी एवढंच सांग. ज्यानं एकाही व्यावसायिक क्लबचा मुख्य संघ कधी सांभाळला नाही, त्याच्या हातात अख्ख्या देशाचा संघ देतात का? लीगमध्ये सलग चार सामने हरल्यावर मालकाचा फोन येतो. स्टार खेळाडू रुसून बसतो. पेपरवाले जीव नकोसा करतात. यातलं काही न बघितलेला माणूस थेट सगळ्यात वरच्या खुर्चीवर?

भाची: आणि हे सगळं बघितलेली माणसं आणून काय साधलं होतं, मामा? २००२ च्या विश्वचषकात सेनेगलला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारे ब्रुनो मेत्सू इथे येऊन गेले. उरुग्वेचे होर्हे फोसाती आले आणि गेले. अनुभवात कुणी कमी नव्हतं. तरी कतार एकदाही पात्रता फेरीतून विश्वचषकाला पोचला नव्हता. दरवेळी नवा माणूस, नवी पद्धत, आणि दीड-दोन वर्षांत गाशा गुंडाळायचा. खेळाडूंनी शिकायचं कुणाकडून?

मामा: म्हणून शाळेतल्या मास्तरांना बोलवायचं?

भाची: मास्तर म्हणून कमी लेखू नका. बार्सिलोनाच्या युवा विभागात त्यांनी दहा वर्षं मुलांना शिकवलं. २००६ मध्ये ते इथल्या ॲस्पायर अकादमीत आले. ती अकादमी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. शाळा आणि सराव एकाच आवारात, आणि छताखाली पूर्ण आकाराचं मैदान, म्हणजे उन्हाळ्यातही खेळ बंद पडत नाही. तिथे बारा-तेरा वर्षांची मुलं त्यांच्या हाताखाली आली. २०१३ मध्ये त्यांना १९ वर्षांखालचा संघ मिळाला. पुढच्याच वर्षी म्यानमारमध्ये त्या संघानं आशियाई विजेतेपद पटकावलं. अंतिम सामन्यात उत्तर कोरियाला १-० नं हरवलं आणि गोल अक्रम अफीफचा होता. राष्ट्रीय संघ हातात आला तेव्हा तो त्यांना अनोळखी नव्हताच. मुलं मोठी झाली आणि त्यांच्यासोबत मास्तरही वरच्या वर्गात गेले.

मामा: पण पुढच्या वर्षी हीच पोरं न्यूझीलंडला २० वर्षांखालच्या विश्वचषकात गेली आणि तिन्ही सामने हरली, तेही सांग. पोर्तुगालनं चार गोल घातले. तेव्हाच ओळखायला हवं होतं. आशियात जे खपतं ते जगात खपत नाही.

भाची: मग २०१९ चा आशियाई चषक घ्या. तो कुठे झाला? संयुक्त अरब अमिरातीत. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली होती. सीमा बंद, थेट विमानं बंद. स्वतःचे पाठीराखे तिथे जवळजवळ नाहीतच. उपांत्य सामन्यात यजमानांवर ४-० नं मात केली, तेव्हा स्टेडियममधून आमच्या खेळाडूंवर बुटं आणि बाटल्या फेकल्या. एवढ्या दबावाखाली ती मुलं डगमगली नाहीत. सात सामने जिंकले, १९ गोल केले, एकच स्वीकारला.

मामा: तो अंतिम सामना मी विसरलेलो नाही. १ फेब्रुवारी २०१९, अबू धाबी, समोर चार वेळचा विजेता जपान. बाराव्या मिनिटाला अफीफनं डावीकडून चेंडू दिला. अल्मोएझ अलीची पाठ गोलकडे. त्यानं चेंडू पायावर झेलला, पुन्हा एकदा हवेतच उचलला आणि अंग मागे टाकून डोक्यावरून लाथ मारली. खांबाला लागून आत. स्पर्धेतला त्याचा नववा गोल होता. अली दाईचा आठ गोलांचा विक्रम त्या लाथेनं मोडला.

भाची: आणि तो पास देणाऱ्या अफीफच्या नावावर स्पर्धेत दहा गोलसाहाय्य. एकाला दुसरा कुठे धावणार हे न बघता कळत होतं. इतकी समज दोन महिन्यांच्या शिबिरात येत नाही, मामा. वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं, एकाच शिक्षकाच्या नजरेखाली खेळल्यावर येते.

मामा: तेवढं मान्य. पोरं घडवण्यात तो माणूस पहिल्या नंबरचा. माझा मुद्दा पुढचा आहे. घडवणं आणि चालवणं ही दोन कामं आहेत. कोल्हापुरात तालमीतल्या वस्तादानं पैलवानाला खुराक दिला, मेहनत करून घेतली, डाव शिकवले. पण खासबागेत कुस्ती लागल्यावर वस्ताद आखाड्याच्या कडेलाच असतो. समोरचा कोण आहे, कुठल्या डावाला तो फसेल, हे पैलवानाला तिथल्या तिथे ओळखावं लागतं. आणि दहा ठिकाणी लढून आलेल्यालाच ते ओळखता येतं. २० नोव्हेंबर २०२२ ला अल बैत स्टेडियमवर काय झालं?

भाची: इक्वेडोरकडून २-० नं हरलो.

मामा: हरलो कसे ते सांग. तिसऱ्याच मिनिटाला चेंडू आपल्या जाळ्यात. ऑफसाइड दिला म्हणून सुटलो. सोळाव्या मिनिटाला आपल्या गोलकीपरनं, साद अल शीबनं, एनेर व्हॅलेन्सियाला पाडलं आणि पेनल्टी. एकतिसाव्या मिनिटाला व्हॅलेन्सियाचाच हेडर. अबू धाबीत बुटं झेलणारी पोरं घरच्या मैदानावर घाबरलेली दिसत होती. गोलवर एकही सरळ फटका नाही. पंचेचाळीस मिनिटांनंतर लोक उठून जायला लागले. उद्घाटनाचा सामना हरलेला पहिला यजमान संघ. मग सेनेगलकडून ३-१, नेदरलँड्सकडून २-०. तिन्ही सामने हरलेला विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला यजमान. पाच वर्षं तोच प्रशिक्षक, तीच पोरं, पैशाला तोटा नाही. मग कुठे कमी पडलं?

भाची: तयारीत कमी पडलं. २०२२ च्या उन्हाळ्यापासून संघ लीगमधून बाहेर काढला आणि युरोपात शिबिरात ठेवला. महिनोन् महिने एकमेकांसोबत सराव आणि मधे मैत्रीपूर्ण सामने. जिथे हरलं तर काही बिघडत नाही, अशा खेळात अंगात धार येत नाही.

मामा: मी तेच म्हणतोय! ही शाळेची सवय आहे. पोरांना जगापासून जपायचं, सगळं आपल्या हातात ठेवायचं. लीगमध्ये मुरलेला प्रशिक्षक म्हणाला असता, माझ्या खेळाडूंना दर आठवड्याला गुणांसाठी झगडू द्या. २६ जणांच्या संघात कतारबाहेरच्या क्लबकडून खेळणारा एकही नव्हता. अफीफ युरोपात जाऊन आला होता, बेल्जियमच्या ऑइपेनकडून आणि स्पेनच्या स्पोर्टिंग हिहोनकडून खेळला होता. पण तोही परत आला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. आम्ही यांना वर्षानुवर्षं काठावर कोरडे उभे ठेवले.

भाची: ही चूक झाली, हे मला कबूल आहे. पण ती एकट्या सांचेझ यांच्या माथी मारू नका. अकादमी, महासंघ, क्लब, सगळ्यांचा तो एकत्र निर्णय होता. ऑइपेन हा क्लब तर ॲस्पायरनं २०१२ मध्ये मुद्दाम मुलांना बाहेर खेळता यावं म्हणूनच घेतला होता. वाट तयार होती. शेवटपर्यंत तिच्यावरून चालणारे थोडे निघाले.

मामा: बरं, अमेरिकेकडे बघ. तिथला लांबट चेंडूचा फुटबॉल वेगळा, पण नेमणुकीचा प्रश्न हाच. अर्बन मेयरनं कॉलेजमध्ये तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. दोन फ्लोरिडाकडून, एक ओहायो स्टेटकडून. २०२१ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनं त्याला व्यावसायिक संघ दिला. १३ सामन्यांत दोन विजय, आणि डिसेंबरमध्ये उचलबांगडी. निक सेबनसारखा नावाजलेला माणूस मायामी डॉल्फिन्सकडे दोन हंगाम राहिला. १५ जिंकले, १७ हरले. मग कॉलेजात परत गेला आणि अलाबामाला सहा विजेतेपदं मिळवून दिली. माणूस तोच, अक्कल तीच. मग एका ठिकाणी राजा आणि दुसऱ्या ठिकाणी सामान्य कसा?

भाची: कारण कॉलेजमध्ये तो ज्यांना शिकवतो ते अठरा-वीस वर्षांचे विद्यार्थी असतात. कोण खेळणार, कोण बसणार, सगळं त्याच्या शब्दावर. देशभर फिरून सगळ्यात चांगली मुलं तोच गोळा करतो. त्यामुळे बहुतेक शनिवारी त्याचा संघ समोरच्यापेक्षा वरचढच असतो. व्यावसायिक लीगमध्ये निवड आळीपाळीनं होते आणि सगळ्यात खालच्या संघाला आधी संधी मिळते. पगाराची मर्यादा सगळ्यांना सारखी. म्हणजे कॉलेजात असलेली मोठी सोय जाते. आणि समोर बसलेला खेळाडू तीस वर्षांचा बाप्या असतो. त्याला करार असतो, घरसंसार असतो. कधी त्याची कमाई प्रशिक्षकापेक्षा जास्त असते. त्याला दरडावून चालत नाही.

मामा: हे तू माझ्याच बाजूनं बोललीस!

भाची: अर्धं तुमच्या बाजूनं. आता जिमी जॉन्सन घ्या. १९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी डॅलस काउबॉइज विकत घेतला, २९ वर्षं संघ सांभाळलेल्या टॉम लँड्री यांना काढलं आणि मायामी विद्यापीठाच्या जॉन्सनना आणलं. व्यावसायिक लीगचा त्यांना अजिबात अनुभव नव्हता. पहिल्या हंगामात १६ पैकी एक सामना जिंकला. पण मालक पाठीशी उभा राहिला. जॉन्सननी संघातला सगळ्यात मोठा खेळाडू, हर्शेल वॉकर, मिनेसोटाला दिला आणि बदल्यात खेळाडू आणि निवडीचे हक्क घेतले. त्यातून नवा संघ बांधला. १९९३ आणि १९९४ च्या जानेवारीत सलग दोन सुपर बोल. मेयर आणि जॉन्सन दोघेही कॉलेजचेच. फरक कशात पडला? एकाला माणसं निवडायची मुभा आणि हरण्याइतका वेळ मिळाला. दुसऱ्याला खेळाडूंचा विश्वास कमावता आला नाही आणि वर्षही पुरं झालं नाही.

मामा: बिल वॉल्श स्टॅनफर्डहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तीन विजेतेपदं घेतली, हे मलाही ठाऊक आहे. पण कॉलेजच्या आधी त्यानं व्यावसायिक संघांत साहाय्यक म्हणून वर्षानुवर्षं काढली होती. दोन्ही घरचं पाणी प्यालेला माणूस होता तो. मला असाच हवा. आपला खालिद जमील बघ. कुवेतमध्ये जन्मला, मुंबईत खेळला, मुंबई एफसीसारख्या कमी पैशांच्या क्लबवर वर्षानुवर्षं टिकाव धरला. मग २०१७ मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, ज्या संघाला कुणी मोजतही नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतानं त्याला राष्ट्रीय प्रशिक्षक केलं. पायरी पायरीनं चढलेला माणूस.

भाची: जमील यांच्याबद्दल मलाही आदर आहे. पण ते ज्या संघावर आले, तो घडवला कुणी? १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी २०१७ मध्ये भारतानं एक संघ मेहनतीनं तयार केला. तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात होता.

मामा: होता तर! पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला पोरगा. तिन्ही सामने हरले, पण कोलंबियाविरुद्ध जिकसन सिंगनं गोल केला तेव्हा या घरात सगळे उभे राहिले होते. विश्वचषकात भारताचा पहिला गोल.

भाची: त्यानंतर इंडियन ॲरोज नावानं ती मुलं आय-लीगमध्ये उतरवली. मोठ्या माणसांशी खेळली, तळाला राहिली, पण शिकत होती. पुढे मुलं वेगवेगळ्या क्लबांत विखुरली, प्रशिक्षक बदलले, आणि २०२२ मध्ये महासंघानं तो संघच बंद केला. त्यांना लहानपणापासून ओळखणारा एक शिक्षक त्यांच्यासोबत वरच्या वर्गात गेला असता, तर आज आपल्याकडेही एक अफीफ आणि एक अल्मोएझ असता. कतारनं निदान ते करून दाखवलं.

मामा: मी जासिम बिन हमाद स्टेडियमवर होतो, १० सप्टेंबर २०१९ ला. आशियाचा विजेता कतार, समोर भारत, आणि आजारी सुनील छेत्री संघात नाही. ०-० नं सुटलो. आपल्या गोलकीपरनं, गुरप्रीतनं, काय काय अडवलं! त्या रात्री सांचेझची शाळा आपल्या बचावापुढे थकली होती. त्याच्याकडे दुसरा डाव नव्हता.

भाची: एका सामन्यावरून निकाल नको.

मामा: मग पाच वर्षांचा निकाल बघ. विश्वचषक संपला, सांचेझचा करार संपला. आधी कार्लोस केइरोझ आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या जागी टिंटीन मार्केझ. अल वक्रा क्लबचा प्रशिक्षक, लीगमध्ये मुरलेला. आशियाई चषकाला महिनाभर उरला होता. त्यानं येऊन नवीन काही शिकवलं नाही. पोरांना मोकळं केलं आणि चषक पुन्हा जिंकला. १० फेब्रुवारी २०२४, लुसैल, जॉर्डनवर ३-१. अख्ख्या शाळेला विश्वचषकात जमलं नाही ते लीगच्या माणसानं महिन्यात केलं!

भाची: तिन्ही गोल कुणाचे होते?

मामा: अफीफचे. तीन पेनल्ट्या.

भाची: आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त गोलही त्याचेच. तो कुणाचा विद्यार्थी? मार्केझ यांनी एका महिन्यात संघ उभा केला, कारण आधीच्या दहा वर्षांत कुणीतरी तो घडवून ठेवला होता. मला त्यांचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण यातून लीगचा माणूस श्रेष्ठ आणि मास्तर कमी, असं सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं की दोघेही लागतात, आणि कुणाला कधी बोलवायचं हे बोलवणाऱ्याला कळावं लागतं.

मामा: आणि मास्तरांचं पुढे काय झालं? मार्च २०२३ मध्ये त्यांना इक्वेडोरनंच बोलावलं. ज्यांनी हरवलं त्यांनीच! २०२४ च्या कोपा अमेरिकेत उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाला १-१ नं रोखलं, पेनल्टीवर हरले, आणि दुसऱ्याच दिवशी निरोप. परक्या पोरांना घेऊन तेवढंच जमलं.

भाची: त्या अर्जेंटिनाला पेनल्टीपर्यंत नेणं तुम्हाला थोडं वाटतं? आणि गोष्ट तिथे संपत नाही. त्याच वर्षी ते दोह्यात परतले, अल सद्द क्लबकडे. लीगचा रोजचा रगाडा, दर आठवड्याला गुणांचा हिशेब, तुम्ही म्हणता ते सगळं. २०२५ मध्ये अल सद्दनं कतारची लीग जिंकली. संघात अफीफ होताच. अकादमीचा माणूस क्लब चालवू शकतो, हे त्यांनी दाखवलं. जर्मनीत युलियान नागल्समान यांनीही दाखवलं होतं. २०१६ मध्ये हॉफेनहाइमनं १९ वर्षांखालच्या संघाचा २८ वर्षांचा प्रशिक्षक थेट मुख्य संघावर आणला. संघ बुंडेसलिगामधून खाली घसरायच्या बेतात होता. तो वाचवला, आणि पुढच्या हंगामात चौथ्या स्थानावर नेला.

मामा: ठीक. मग मी माझं म्हणणं बदलून मांडतो. मास्तर आणा, माझी हरकत नाही. पण त्याच्या बाजूला लीग कोळून प्यालेला एक माणूस बसवा. तोंडावर नाही म्हणायची त्याला मुभा द्या. महिनोन् महिने शिबिर ठेवायचं मास्तर म्हणाले, तर तो म्हणेल, नको, पोरांना खेळू द्या. शाळेत मास्तरांना उलट प्रश्न कुणी विचारत नाही. व्यावसायिक संघात तो विचारणारा पाहिजेच.

भाची: हे मी पूर्ण मानते. आणि माझी अट तुम्ही माना. जो मास्तरांना बोलावतो त्यानं आधी स्वतःला विचारावं, पहिलं वर्ष वाईट गेलं तर मी थांबणार आहे का? खेळाडू निवडायची आणि घडवायची मुभा देणार आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर त्याला बोलावूच नये. लीगमधला अनुभवी माणूस घ्यावा, तो हातातल्या संघाकडून निकाल काढून देईल. शिक्षकाला बोलवायचं आणि सहा महिन्यांत परीक्षेचा निकाल मागायचा, हा शिक्षकावरही अन्याय आणि संघावरही.

मामा: मी आणखी एक जोडतो. पोरांना हरायची सवय पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लावा. परदेशात पाठवा, त्यांना न ओळखणाऱ्या प्रेक्षकांसमोर खेळवा. नाहीतर पहिली खरी हार विश्वचषकात, जगासमोर येते आणि मग सावरायला वेळ राहत नाही.

भाची: माझ्या शाळेतल्या मुलांना मी तेच सांगते, मामा. तरी एका गोष्टीवर आपलं जमणार नाही. तुम्हाला अजूनही वाटतं की मोठी स्पर्धा अखेर अनुभवी माणूस जिंकून देतो. मी म्हणते, ती जिंकण्यासारखी मुलं आधी कुणीतरी शिकवलेली असतात.

मामा: नसू दे जमत. पण कोल्हापूरच्या पोरांसाठी निवड करायची वेळ आली, तर दहाव्या वर्षी मी तुला बोलवीन आणि पंचविसाव्या वर्षी खालिद जमीलला. मधल्या पंधरा वर्षांत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत राहा, एवढीच माझी अट.

ही अट आपल्या फुटबॉलला अजून पुरी करता आलेली नाही. आपल्याकडे मुलं शिकवणारे आहेत, संघ चालवणारेही आहेत, पण दोघांना जोडणारी व्यवस्था दर दोन-चार वर्षांनी मोडते. आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या कतारनं एक शिक्षक निवडला आणि अकरा वर्षांच्या कामानंतर त्याच्यावर देशाचा संघ सोपवला. पाच वर्षांनी विश्वचषकात मोठा पराभव पत्करला. तरीही त्यानं घडवलेली मुलं टाकून दिली नाहीत, म्हणून दुसरा आशियाई चषकही त्यांच्या हाती आला. नेमणूक कुणाची हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. ज्याला नेमलं त्याच्या कामाला किती वर्षं द्यायची, आणि तो गेल्यावर ते काम कुणाकडे सोपवायचं, हे आधी ठरवणारा महासंघच प्रशिक्षक नेमायला लायक असतो.